एसएमपीएसवरचा वॅट कोण होता?
माझ्या पीसीच्या एसएमपीएसवर ४५० वॅट लिहिलंय. हे नाव जेम्स वॅटचं. जन्म १७३६, स्कॉटलंड. ग्लासगो विद्यापीठात तो उपकरणं बनवायचा, दुरुस्त करायचा. तिथे न्यूकोमेन इंजिनाचं मॉडेल दुरुस्तीला आलं. सिलिंडर दरवेळी थंड करून पुन्हा तापवण्यातच बरीचशी वाफ वाया जातेय, हे त्याला दिसलं. १७६५ मध्ये वाफ थंड करायला वेगळं भांडं सुचलं. पुढे बोल्टनसोबत धंदा केला. वाचलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा ते खाणवाल्यांकडून घ्यायचे. भारीच ना! १८१९ मध्ये तो गेला. एककाला त्याचं नाव मिळालं ते नंतर. आता माझं गणित: एसएमपीएस ८० टक्के कार्यक्षम धरला, तर पीसीला २०० वॅट द्यायला तो सॉकेटमधून २५० ओढतो. ५० ची नुसती उष्णता, आणि मीटर फिरतं २५० चं.