कृष्णशास्त्री पुराणिक

वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक हे एकोणिसाव्या शतकातील आयुर्वेदीय वैद्य व औषधनिर्माते होते. १८७२ साली त्यांनी पनवेल येथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना स्थापन केला. धूतपापेश्वर हे शिवाचे नाव असून या नावाचे प्रसिद्ध देवस्थान राजापूरजवळ धोपेश्वर येथे आहे.

पार्श्वभूमी

पनवेल त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडत असे. गावात रेल्वे नव्हती. परंतु खाडीतून मुंबईशी आणि बोरघाटाच्या रस्त्याने पुण्याशी व्यापार चाले. मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय १८४५ पासून सुरू होते आणि पाश्चात्त्य औषधे बाटलीबंद मिळू लागली होती. आयुर्वेदीय औषध मात्र बहुधा वैद्याच्याच घरी, त्या त्या रुग्णापुरते कुटले किंवा उकळले जाई. ते कसे झाले हे रुग्णाला डोळ्यांसमोर दिसे. दूरच्या, अनोळखी रुग्णासाठी औषध करायचे तर प्रत्येक वेळी तेच द्रव्य, तेच प्रमाण आणि तोच परिणाम साधणे भाग होते. पुराणिकांच्या कार्याचे महत्त्व या बदलात आहे.

आसवारिष्टे

हा बदल सर्वांत कठीण होता तो आसवारिष्टांच्या बाबतीत. चूर्ण किंवा गोळी एकदा झाली की झाली; आसव मात्र भांड्यात आपोआप घडते. औषधी काढ्यापासून केले ते अरिष्ट आणि न उकळता केले ते आसव, असा स्थूल भेद मानतात. शार्ङ्गधरसंहितेत प्रमाण सांगितलेले नसेल तेथे एक द्रोण द्रवास एक तुळा गूळ, गुळाच्या निम्मा मध आणि गुळाच्या दहाव्या भागाइतकी प्रक्षेपद्रव्ये घालावीत, असा नियम आहे. बिअरमध्ये धान्याला मोड आणून त्यातील पिष्टाची साखर करावी लागते. येथे गुळामुळे साखर आयतीच मिळते. किण्व येते ते मुख्यतः सह्याद्रीत विपुल असलेल्या धायटीच्या फुलांबरोबर.

घरगुती पद्धतीत तूप चोपडलेले मातीचे भांडे वापरत. भांडे काठोकाठ भरत नसत, कारण वायूला जागा लागते. आंबवण जोरात असतानाच तोंड घट्ट लिंपले तर भांडे फुटण्याची भीती असे. नंतर ते धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरत, म्हणजे उष्णता सारखी राहते. उन्हाळ्यात काम लवकर उरकते, थंडीत रेंगाळते. साधारण महिना धरतात. भांड्याला कान लावल्यावर बुडबुड्यांचा आवाज थांबलेला असावा, फुले तळाशी बसलेली असावीत आणि तोंडाशी धरलेली पेटती काडी विझू नये. काडी विझली तर कर्बवायू अजून निघत आहे असे समजावे. तयार झाल्यावर गाळण्यास उशीर झाला, किंवा भांड्यात हवा शिरली, तर द्रव आंबट होऊन त्याचे शुक्त बनते आणि सारा घाणा वाया जातो. लुई पाश्चर यांचा बिअरवरील ग्रंथ, ज्यात पेय बिघडण्याचे कारण परके सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले आहे, १८७६ साली प्रसिद्ध झाला, म्हणजे पनवेलच्या कारखान्यानंतर चार वर्षांनी. वैद्यपरंपरेत हेच काम भांड्याची शुद्धी आणि कानाडोळ्यांच्या परीक्षा करीत होत्या.

अबकारी आणि मद्यबंदी

आसवात मद्यार्क आपोआप निर्माण होतो. तो ऊर्ध्वपातनाने काढलेला किंवा वरून मिसळलेला नसतो. हा भेद पुढे केवळ शास्त्रीय उरला नाही. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी व मोहाच्या दारूवर सरकारी पकड घट्ट केली. पनवेलच्या शेजारी उरण येथे मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्याच. १९४९ च्या मुंबई मद्यबंदी कायद्याने प्रश्न अधिक तीव्र झाला. १९५१ साली बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधी द्रव्यांवर लागू होणाऱ्या त्यातील काही तरतुदी रद्द ठरवल्या. १९५५ च्या केंद्रीय कायद्यात स्वयंजनित मद्यार्क असलेल्या आयुर्वेदीय औषधांचा वेगळा विचार झाला.

उत्तरकाळ

कृष्णशास्त्रींचे पुत्र वैद्य विष्णुशास्त्री पुराणिक यांनी कारखान्याचा विस्तार केला. शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकाराने १९०७ साली नाशिक येथे अखिल भारतीय वैद्यसंमेलन भरले. त्याचे दुसरे अधिवेशन १९०८ साली पनवेल येथे झाले. धूतपापेश्वरच्या औषधांत दशमूलारिष्ट, कुमारीआसव यांसारखी आसवारिष्टे आजही आहेत.