प्रोफेसर कर्वे आणि त्यांचे वकील

माझगावच्या कोर्टात आम्ही अनेक वर्षे वकिली करतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखालील अर्ज आमच्याकडे नेहमी येतात. अशाच एका प्रकरणात एक भगिनी आमच्यासमोर बसली होती. लग्नाला आठ वर्षे झाली, मूल नाही. सासरी तिला वांझ म्हणत, कार्यात ओटी भरू देत नसत आणि शेवटी तिला घराबाहेर काढले होते. तिच्या पिशवीत तिच्या तपासण्यांच्या कागदांची जाडजूड फाईल होती. रक्त, सोनोग्राफी, दुर्बिणीची तपासणी, सगळे काही. नवऱ्याच्या नावाचा एकही कागद त्यात नव्हता. तडजोडीच्या बैठकीत आम्ही त्या नवऱ्याला विचारले की त्याने वीर्यतपासणी केली आहे काय? तो खाली मान घालून बसला आणि त्याची आई आमच्यावर भडकली. मुलगा आमच्याच समाजातला, शिकलेला, जयंतीच्या मिरवणुकीत पुढे असणारा.

त्या दिवशी घरी जाताना आम्हाला एका माणसाची आणि त्याच्या वकिलाची आठवण झाली. त्या माणसाचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे. त्याच्या वकिलाचे नाव वाचकांना सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. बॅरिस्टर भीमराव रामजी आंबेडकर.

रघुनाथराव 14 जानेवारी 1882 रोजी कोकणात मुरुडला जन्मले. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षणासाठी ज्यांचे नाव घेतले जाते त्या धोंडो केशव कर्व्यांचे ते थोरले चिरंजीव. रघुनाथ नऊ वर्षांचा असताना, 1891 मध्ये, त्यांच्या आई राधाबाई बाळंतपणात गेल्या. बाळंतपणात बायका मरणे ही तेव्हा घरोघरची गोष्ट होती, आणि तिला दैव म्हणून सोडून देणे हीही घरोघरची रीत होती. या मुलाने मोठेपणी दैव हा शब्दच नाकारला. 1899 च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला. पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, फ्रान्सला जाऊन शिकला आणि मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागला. गणिताच्या माणसाला पुरावा लागतो. तो पुरावा कर्व्यांनी माणसाच्या शरीराबाबतही मागितला.

त्यावेळची मुंबई कशी होती? गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत पोट भरायला आलेले पुरुष बायकामुले गावी ठेवून एकेका खोलीत दहा-पंधरा जण राहत. 1921 च्या जनगणनेत या शहरात हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. माझगावच्या गोदीपासून कामाठीपुरा फार लांब नाही. उपदंश आणि परमा हे रोग कामगार वस्त्यांत पसरत, आणि पुरुष ते गावी बायकोला नेऊन देत. पेनिसिलिन अजून यायचे होते. त्याने उपदंश बरा होतो हे 1943 मध्ये सिद्ध झाले. तोवर पारा आणि सोमलाची विषारी औषधे, नाहीतर रस्त्यावरचा वैदू. दुसरीकडे, वीर्याचा एक थेंब म्हणजे रक्ताचे कित्येक थेंब, तो गेला की शक्ती गेली, बुद्धी गेली, अशी भीती पोथ्यांतून आणि व्यायामशाळांतून पोरांच्या मनात भरली जात होती. ब्रह्मचर्याचा महिमा गाणाऱ्यांच्या देशात पुरुषाला स्वतःच्या शरीराची साधी माहिती नव्हती. त्याची शिक्षा मात्र बायका भोगत होत्या.

कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. त्याच वर्षी मेरी स्टोप्स यांनी लंडनमध्ये आपले केंद्र सुरू केले. म्हणजे या बाबतीत मुंबई लंडनच्या मागे नव्हती, हे आजही अनेकांना ठाऊक नाही. 1923 मध्ये त्यांनी संततिनियमनावर मराठीत पुस्तक लिहिले, पुढे गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर लिहिले. रबरी साधने, त्यांचा वापर, त्यांतील धोके हे सगळे त्यांनी स्वच्छ मराठीत सांगितले. कॉलेज मिशनऱ्यांचे होते. त्यांनी प्राध्यापकाला हे काम सोडा किंवा नोकरी सोडा असा पर्याय दिला. कर्व्यांनी नोकरी सोडली. पुढचे आयुष्य ओढाताणीत गेले. पत्नी मालतीबाईंनी नोकरी करून संसार सांभाळला. मूल न होऊ देण्याचा निर्णय दोघांनी मिळून घेतला होता. नवऱ्याच्या कीर्तीच्या कथा लिहिताना या बाईचे नाव गाळण्याची आपल्याकडे खोड आहे, ती आम्ही करणार नाही.

15 जुलै 1927 रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. ते त्यांनी मरेपर्यंत, म्हणजे 26 वर्षांहून अधिक काळ चालवले. या मासिकात वाचक आपल्या शंका पाठवत. स्वप्नावस्था म्हणजे रोग आहे काय? हस्तमैथुनाने नपुंसकत्व येते काय? पुरुषाला पुरुषाचे आकर्षण वाटत असेल तर तो काय करील? वडिलांना विचारता येत नव्हते, मास्तरांना विचारता येत नव्हते, ते प्रश्न पोरे कर्व्यांना पोस्टाने विचारत. कर्वे युरोपातल्या वैद्यकीय संशोधनाचे ग्रंथ वाचून त्यांना उत्तर देत. ते डॉक्टर नव्हते आणि त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती. परंतु जगातल्या डॉक्टरांना जे सापडले ते मराठी माणसाच्या दारात आणून टाकण्याचे काम त्यांनी एकट्याने केले.

सनातन्यांना ते कसे सहन व्हावे? 1931 मध्ये व्यभिचारावरील लेखासाठी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, 100 रुपये दंड झाला. हायकोर्टात त्यांनी स्वतः बाजू मांडली आणि अपील फेटाळले गेले. 1934 च्या फेब्रुवारीत दुसऱ्यांदा अटक झाली. यावेळी निमित्त होते मासिकाच्या गुजराती अंकातील प्रश्नोत्तरांचे, म्हणजे हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरील उत्तरांचे. या वेळी त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले.

ही गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. गोलमेज परिषदा होऊन गेल्या होत्या, 1932 चा पुणे करार होऊन दीड वर्ष झाले होते. देशभरातून अस्पृश्य समाज त्यांच्याकडे डोळे लावून बसला होता. अशा वेळी एका चित्पावन ब्राह्मणाच्या बदनाम मासिकाचे वकीलपत्र घेण्यात त्यांचा राजकीय लाभ कोणता होता? काहीच नाही. उलट विरोधकांच्या हाती कोलीतच मिळणार होते. तरी त्यांनी ते घेतले. कारण त्यांच्या दृष्टीने तो ब्राह्मणाचा खटला नव्हता, ज्ञानाचा खटला होता. ज्ञान कोणाला मिळावे आणि कोणाला मिळू नये हे ठरवण्याचा अधिकार मूठभरांनी आपल्या हाती ठेवला, त्याविरुद्ध तर त्यांचे सारे आयुष्य होते.

न्यायालयात त्यांनी मांडलेला मुद्दा वकील म्हणून आम्हाला आजही नवा वाटतो. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, असे त्यांनी सांगितले. न्यायाधीशांना वाचकांचे प्रश्न विकृत वाटत होते. बाबासाहेबांचा युक्तिवाद असा की, विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, प्रश्न दडपून जाणार नाही. त्यासाठी त्यांनी हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधार दिला. खटला 24 एप्रिल 1934 पर्यंत चालला. बाबासाहेब हरले. कर्व्यांना 200 रुपये दंड झाला.

हरलेल्या खटल्यांचा इतिहास वकील सहसा लिहीत नाहीत. परंतु हा खटला पुढच्या काळाने जिंकला. भारतीय दंड संहितेच्या कलम 292 मध्ये 1969 साली दुरुस्ती होऊन विज्ञान, साहित्य, कला, ज्ञान यांच्या हितासाठी केलेल्या प्रकाशनाला अपवाद मिळाला. कर्व्यांच्या वेळी तो अपवाद कायद्यात असता तर? 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अश्लीलतेची 1868 ची इंग्रजी कसोटी सोडून दिली. आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी त्याच न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून मुक्त केले, तेही बाबासाहेबांनी संविधान सभेत मांडलेल्या संवैधानिक नैतिकतेच्या कल्पनेचा आधार घेऊन. 1934 चा वकील 84 वर्षांनी असा जिंकला.

बाबासाहेबांना हा विषय का महत्त्वाचा वाटला, याचे उत्तर त्यांच्या घरातही आहे. रामजी सुभेदारांचे ते चौदावे अपत्य. स्वतःच्या पाच लेकरांपैकी चार त्यांनी बाळपणीच मातीत ठेवली. रमाईची प्रकृती कशी झिजत गेली ते चळवळीतला प्रत्येक माणूस जाणतो. म्हणून 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाने सरकारने संततिनियमनाचा प्रसार करावा असा ठराव आणला. बाबासाहेबांच्या वतीने तो पी. जे. रोहम यांनी मांडला. सभागृहाने तो फेटाळला. त्याच काळात गांधीजी साधनांना विरोध करून संयमाचा उपदेश करीत होते. 1935 च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर त्यांना भेटायला वर्ध्याला आल्या, तेव्हाही त्यांचे मत बदलले नाही. उपाशी मजुराला ब्रह्मचर्य सांगायचे की त्याच्या हाती साधन द्यायचे, हा तो फरक होता.

14 ऑक्टोबर 1953 रोजी कर्वे गेले आणि पुढच्याच महिन्यात 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक निघाला. त्यांचा प्रत्येक विचार आज जसाच्या तसा घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. जातीच्या प्रश्नाला त्यांनी आयुष्य दिले नाही, हेही खरे. पण त्यांनी जे दिले ते आम्ही घेतले काय?

त्यांच्यानंतर सरकारने संततिनियमन हाती घेतले, पण माहितीच्या वाटेने नव्हे. आणीबाणीत 1976-77 या एका वर्षात देशात सुमारे 83 लाख नसबंद्या झाल्या, त्यांत सुमारे 62 लाख पुरुषांच्या. कोट्यासाठी गरीब धरले गेले, आणि गरीब म्हणजे बहुतांशी आपलीच माणसे. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी कायदा झाले नाही. ज्ञान न देता सुरी चालवली, त्याची दहशत अजून उतरली नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण 37.9 टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, वीस मिनिटांची, पोट न फाडता होणारी. तिने ताकद जात नाही, पुरुषत्व जात नाही. वीर्य येतच राहते, त्यात शुक्रजंतू नसतात एवढेच. ते संपायला साधारण तीन महिने लागतात, तोवर दुसरे साधन वापरायचे. तरीही सुरीखाली बाईच जाते.

कर्व्यांच्या वाचकांच्या प्रश्नांना वैद्यकशास्त्राने आता पक्की उत्तरे दिली आहेत. शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात आणि निरोगी पुरुषाच्या शरीरात ते अखंड तयार होत असतात. तेव्हा वीर्याचा साठा संपण्याची भीती खोटी. हस्तमैथुनाने नपुंसकत्व येत नाही. समलिंगी आकर्षण हा आजार नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत कारणाचा काही भाग पुरुषाकडे असतो. वृषणातील शिरा फुगणे, जंतुसंसर्ग, तंबाखू, दारू अशी ती कारणे असतात आणि त्यांतील अनेकांवर उपाय आहेत. आमच्या परळमध्येच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन आरोग्यावर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. पुरुषाला एका इंजेक्शनने दीर्घकाळ गर्भनिरोध देणाऱ्या भारतीय संशोधनाच्या, 303 पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. विज्ञान थांबलेले नाही, आम्ही थांबलो आहोत.

नाहीतर लोकलच्या डब्यात ताकदीच्या गोळ्यांची जाहिरात चिकटली असती काय? अशा जाहिरातींना बंदी करणारा कायदा 1954 पासून आहे. तो वापरणारे कोण? आमच्या वस्तीतला पोरगा हजारो रुपये त्या तंबूत घालवतो, सरकारी दवाखान्याची पायरी चढत नाही. आणि आम्ही कार्यकर्ते शिबिरात संविधानाच्या प्रत्येक कलमावर बोलतो, या विषयावर घसा खाकरतो. आम्हीही त्यात आलो, हे कबूल करतो.

त्या नवऱ्याला आम्ही बाजूला घेतले आणि 1934 च्या खटल्याची हकीकत सांगितली. बाबासाहेबांनी या विषयावर वकीलपत्र घेतले होते हे ऐकून तो चकित झाला. आठवड्याने तो महापालिकेच्या रुग्णालयात जाऊन आला. शुक्रजंतू फार कमी होते, कारण शिरांचे होते, इलाज होता. मूल होईल की नाही हे डॉक्टर सांगतील. आमच्यापुरते एवढे झाले की, पुढच्या तारखेला त्याने स्वतःच्या तोंडाने मान्य केले की बायकोत दोष नव्हता. आठ वर्षे तिच्या कपाळावर मारलेला शिक्का एका कागदाने पुसला गेला. तो कागद आठ वर्षांपूर्वी निघू शकत होता.

14 एप्रिलला आपण आरोग्य शिबिरे घेतो, रक्तदाब आणि साखर तपासतो. त्यातच पुरुषांसाठी एक खोली, एक डॉक्टर आणि एक पडदा ठेवा. बोलावणे आले तर आम्ही माझगावहून येऊ आणि पहिला प्रश्न स्वतः विचारू. जयभीम.