कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे

आपल्या मराठा ज्ञातीत जन्मास आलेल्या थोर पुरुषांची चरित्रे स्मरणिकेतून द्यावयाची, हा आपल्या मंडळाचा परिपाठ आहे. यंदा कर्मवीर विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे चरित्र लिहिण्याचे काम आमच्याकडे आले. लिहावयास बसलो, आणि एक विचार मनास टोचू लागला. जातिभेदाची भिंत पाडण्यात ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांस केवळ आपले म्हणावयाचा आपणांस अधिकार किती?

अण्णासाहेबांचा जन्म २३ एप्रिल १८७३ रोजी जमखंडी संस्थानात झाला. घरचे वळण वारकरी, परिस्थिती बेताची. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते १८९८ साली पदवीधर झाले. पुढे १९०१ ते १९०३ ह्या काळात त्यांनी विलायतेस ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास केला. एवढ्या विद्येवर एखाद्या संस्थानात मानाची जागा सहज मिळती. परंतु त्यांनी प्रार्थनासमाजाचे प्रचारकपद पत्करले, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईस अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचा पाया घातला. नुसती व्याख्याने देऊन ते थांबले नाहीत. कुटुंबासह त्याच लोकांत राहिले. त्यांच्या भगिनी जनाक्का ह्यांनीही ह्या कार्यास वाहून घेतले. पुण्यात नाना पेठेत उभे राहिलेले अहल्याश्रम हे त्याच तपश्चर्येचे फळ होय. पुढे १९२३ साली त्यांनी मंडळीच्या कारभाराची सूत्रे खाली ठेविली. स्वतः वाढविलेल्या संस्थेतून बाजूस होणे सोपे नसते, हे संस्था चालविणारे जाणतात.

परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावते ती १९२० सालची गोष्ट. त्या वेळच्या मुंबई कायदे कौन्सिलात मराठा व तत्सम जातींसाठी सात जागा राखून ठेविल्या होत्या. अण्णासाहेबांनी अशा जागेवर उभे राहावे, असा ज्ञातिबांधवांचा आग्रह होता. त्यांनी तो मानला नाही. शेतकरी, कामकरी, अस्पृश्य, स्त्रिया अशा सर्वांच्या हिताचा जाहीरनामा काढून त्यांनी बहुजन पक्ष उभारला, आणि पुण्यातून सर्वसाधारण जागा लढविली. त्यात त्यांचा पराभव झाला. जातीची मते मागितली असती तर कदाचित यश आले असते. पण ती एका जातीची जागा झाली असती.

पुढे १९३० च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगवास सोसला, आणि १९३३ साली ‘भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न’ हा मोलाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. २ जानेवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता थोडे स्वतःविषयी. आम्ही पुष्कळ वर्षे शिक्षकी केली. एका शाळेत मधल्या सुट्टीत मुले डबे सोडून बसत, ती ज्याच्या त्याच्या आळीप्रमाणे. कोणी तसे सांगितलेले नव्हते. आम्ही ते रोज पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले. आज हे चरित्र लिहिताना त्याची लाज वाटते.

आपले जांबे आता पूर्वीचे राहिले नाही. शेजारी हिंजवडीस संगणकाचा उद्योग आला. परजिल्ह्यांचे, परप्रांतांचे लोक मुळशी तालुक्यात राहावयास आले. एका जिन्याने चढणारी माणसे एकमेकांचे आडनाव विचारून मग बोलतात, हे मात्र सुटले नाही. ज्ञातिमंडळ असू नये, असे आमचे म्हणणे नाही. घर असावे, पण त्यास दार असावे.

म्हणून मंडळाच्या चालकांस आमची एक नम्र विनंती आहे. गुणवंत विद्यार्थ्यांस आपण जे पारितोषिक देतो, त्यांतील निदान एक गावातील कोणत्याही जातीच्या गरजू मुलामुलीस खुले असावे, आणि त्यास अण्णासाहेबांचे नाव द्यावे. तसे झाले, तर त्यांस आपले म्हणताना आपली मान खाली जाणार नाही.