गंगाराम कांबळेंच्या हॉटेलातला चहा

राजर्षी शाहू महाराज म्हटले की आपल्याला २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा आठवतो. मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखणारा हा राजा. पण हा राजा घडला कसा आणि हुकूम काढल्यावर त्याने काय केले, हे जयंतीच्या भाषणांत फारसे येत नाही.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ ला जन्मलेले शाहू १८९४ मध्ये गादीवर आले. १८९९ मध्ये पंचगंगेवर कार्तिकस्नानाला गेले असता भटजी पुराणोक्त मंत्र म्हणतो आहे, हे सोबतच्या राजारामशास्त्री भागवतांनी त्यांच्या लक्षात आणून दिले. जाब विचारताच छत्रपतीलाही शूद्र ठरवणारे उत्तर मिळाले. जातीचा चटका राजाला बसला.

असा चटका अनेकांना बसतो. बहुतेक जण स्वतःचा मान मिळवून गप्प बसतात. महाराज थांबले नाहीत. भास्करराव जाधवांसारख्या सत्यशोधकांशी त्यांचे बोलणे होत राहिले. १९११ मध्ये कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा राहिला. आपल्याला डावलणारी व्यवस्था आपल्या खालच्याला तर माणूसही मानत नाही, हे त्यांना उमगले.

१९१९ मध्ये त्यांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली, अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना एकत्र बसवले. पण हुकमाने माणसे लगेच बदलतात काय? महाराजांच्याच पदरी असलेल्या गंगाराम कांबळेंना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून सवर्ण नोकरांनी मारहाण केली होती! महाराजांनी गंगारामांना स्वतंत्र धंदा काढायला सांगितले आणि मदत केली. गंगारामांनी हॉटेल काढले, पण महाराच्या हातचा चहा पिणार कोण? मग महाराजांची गाडी हॉटेलासमोर थांबू लागली. महाराज स्वतः चहा प्यायचे आणि सोबतच्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. राजाने कप तोंडाला लावल्यावर नाही कोण म्हणणार? पहिला घोट नाइलाजाचा असेल. पण चहा पिऊन कोणी बाटले नाही, हे प्रत्येकाने स्वतः पाहिले.

बाबासाहेबांच्या बाबतीतही तेच. दत्तोबा पवारांनी त्यांची माहिती दिली, तेव्हा महाराजांनी त्यांना दरबारात बोलावून मुजरा घेतला नाही. ते स्वतः परळच्या चाळीत गेले. त्या भेटीगाठींतून ‘मूकनायक’ला अडीच हजारांची मदत झाली. २१ व २२ मार्च १९२० ला माणगावची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. तिथे महाराजांनी समाजाला सांगितले की तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, आता दुसऱ्याच्या मागे जाऊ नका. स्वतः राजा असून त्यांनी पुढारीपण आपल्याकडे ठेवले नाही.

६ मे १९२२ ला महाराज गेले. पुढे कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यासाठी झटणाऱ्यांत हेच गंगाराम कांबळे होते.

आज आपण महाराजांच्या प्रतिमेला हार घालतो. पण वेगळ्या गटातल्या कार्यकर्त्याच्या घरी जाऊन आपण शेवटचा चहा केव्हा प्यायलो? विहारात वंदनेनंतर तासभर बसून, न भांडता, चर्चा केव्हा केली? कायदा हवाच, सत्ताही हवी. पण हाती सत्ता असलेल्या राजालाही गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात आणि परळच्या चाळीत जावे लागले. मग आपण का जात नाही?