रक्तगटांचे संशोधक डॉ. कार्ल लँडस्टायनर

रणांगणावर जय मिळविणाऱ्या वीरांची चरित्रे विद्यार्थ्यांस बहुधा तोंडपाठ असतात. परंतु प्रयोगशाळेतील टेबलाशी बसून, रक्ताच्या थेंबाथेंबाचा चोख हिशेब ठेवून ज्यांनी असंख्य मनुष्यांचे प्राण वाचविले, त्यांची नावेदेखील पुष्कळांस ठाऊक नसतात. डॉ. कार्ल लँडस्टायनर हे अशांपैकीच एक होत. त्यांचे चरित्र थोडक्यात वाचकांपुढे ठेवावे, असे आम्ही योजिले आहे.

लँडस्टायनर ह्यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी ऑस्ट्रिया देशात, व्हिएन्ना शहराच्या परिसरात झाला. त्यांचे वडील लिओपोल्ड हे नामांकित वृत्तपत्रकार होते. पण कार्ल सहा वर्षांचे असतानाच ते निवर्तले व मातेनेच मुलाचे संगोपन केले. मातेवर त्यांची एवढी भक्ती होती की, तिच्या मृत मुखाचा ठसा त्यांनी आमरण आपल्या भिंतीवर ठेविला होता. १८९१ साली व्हिएन्ना विद्यापीठाची वैद्यकाची पदवी मिळाल्यावर, पैशाच्या मागे न लागता त्यांनी झ्यूरिक, व्युर्ट्‌सबुर्ग व म्यूनिक येथे रसायनशास्त्राचा अभ्यास केला. १८९८ पासून दहा वर्षे ते व्हिएन्ना येथील विकृतिशास्त्राच्या विभागात साहाय्यक होते. तेथील शवविच्छेदनाचे कष्टाचे काम सांभाळूनच त्यांनी आपले संशोधन चालविले.

त्या काळी एका मनुष्याचे रक्त दुसऱ्यास देणे म्हणजे जुगारच होता. एखादा रोगी त्याने वाचे, तर दुसऱ्यास थंडी वाजून ताप भरे व तो पाहता पाहता दगावे. एकाचे रक्त दुसऱ्याच्या रक्तात मिसळले असता तांबड्या पेशींच्या कधी कधी गुठळ्या होतात, हे काही डॉक्टरांस आढळले होते. परंतु तो रोगाचा परिणाम असावा, अशी त्यांची समजूत होती. निरोगी माणसांचे रक्त तरी परस्परांशी जुळते काय, हा प्रश्न लँडस्टायनर ह्यांनी स्वतःस विचारिला.

उत्तर शोधण्याची त्यांची रीत अगदी साधी होती. त्यांनी स्वतःचे व प्रयोगशाळेतील पाच सहकाऱ्यांचे रक्त घेतले. रक्त गोठले म्हणजे वर जो पिवळसर द्रव सुटतो, त्यास सीरम म्हणतात. प्रत्येकाचे सीरम निराळे व प्रत्येकाच्या तांबड्या पेशी निराळ्या ठेवून, एकेकाचे सीरम सहाही जणांच्या पेशींशी मिसळून पाहिले. सहा गुणिले सहा, अशी छत्तीस मिश्रणे झाली. कोठे गुठळ्या झाल्या व कोठे न झाल्या, हे त्यांनी प्रत्येकाच्या नावासमोर कोष्टकात अधिक व उणे अशा चिन्हांनी नोंदले.

ह्या कोष्टकाचे सारे सामर्थ्य नावांत होते. सहाही जणांचे रक्त डोळ्यांस सारखेच तांबडे दिसते. एखाद्या थेंबाचे नाव चुकून दुसऱ्यास लागते, तर त्या चिन्हांतून कोणताही नियम निघाला नसता. नावे खरी होती म्हणून नियम उघड झाला: स्वतःचे सीरम स्वतःच्या पेशींच्या गुठळ्या कधीच करीत नाही, दुसऱ्याच्या पेशींच्या मात्र काही ठराविक क्रमानेच करते. त्यावरून १९०१ साली त्यांनी मनुष्याच्या रक्ताचे ए, बी व सी असे तीन गट जाहीर केले. सी ह्यालाच पुढे ओ हे नाव मिळाले. त्या सहा जणांपैकीच एक असलेले स्टुर्ली व त्यांचे सहकारी डेकास्टेलो ह्यांनी १९०२ साली चौथा, म्हणजे एबी गट दाखवून दिला. कापडावर वाळलेल्या चौदा दिवसांपूर्वीच्या रक्तावरही ही परीक्षा होऊ शकते, हे लँडस्टायनर ह्यांनी त्याच निबंधात नमूद केले होते.

जगाने ह्या शोधाची दखल सावकाशच घेतली. १९०७ साली न्यूयॉर्क येथे ऑटेनबर्ग ह्यांनी रक्त देण्यापूर्वी ते जुळते की नाही हे पाहण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात दारिद्र्य पसरले, तेव्हा लँडस्टायनर हॉलंडमध्ये हेग येथील एका कॅथोलिक इस्पितळात काम करू लागले. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेने त्यांस बोलाविले. १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ते थांबले नाहीत. १९४० साली वीनर ह्यांच्यासह त्यांनी आर-एच घटकाचा शोध प्रसिद्ध केला. १९४३ च्या जून महिन्यात, हातात काचेची पिपेट असतानाच त्यांस हृदयविकाराचा झटका आला व २६ तारखेस त्यांनी देह ठेविला.

त्यांनी दाखविलेल्या वाटेवर आपल्या मुंबईनेही पाऊल टाकिले. ओ गटाच्या पेशींच्यादेखील गुठळ्या करणारे विलक्षण रक्त डॉ. भेंडे व त्यांचे सहकारी ह्यांस तेथे आढळले. १९५२ साली ते प्रसिद्ध झाले व जगभर त्यास 'बॉम्बे' रक्तगट हेच नाव पडले. वरवर पाहता हे रक्त ओ गटाचेच वाटते. काळजीपूर्वक तपासले तरच त्याचा भेद कळतो.

आता आजच्या इस्पितळाकडे पाहू. रोग्यास रक्त देण्यापूर्वी त्याचे थोडे रक्त नळीत घेतात. त्याने स्वतः आपले पूर्ण नाव सांगावे, ते कागदाशी ताडावे, आणि त्याच्या खाटेशेजारीच नळीवर नाव, क्रमांक व तारीख लिहावी, असा दंडक आहे. चिठ्ठ्या आधी लावून ठेवणे किंवा मागाहून आठवणीने लावणे, ही दोन्ही निषिद्ध होत. मग नळी घट्ट बंद करून, उन्हापासून व बर्फाच्या स्पर्शापासून जपून, वेळेत प्रयोगशाळेत पोहोचवितात; कारण रक्त थिजले अथवा फार हिंदकळले तर पेशी फुटतात. नळीवर नाव नसल्यास प्रयोगशाळा अंदाज करीत बसत नाही. रक्त पुन्हा घ्यावयास लाविते.

हा कडकपणा कोणास उगाच वाटेल. परंतु एकाच आडनावाचे दोन रोगी शेजारी आहेत व त्यांच्या नळ्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली, अशी कल्पना करा. प्रयोगशाळा अचूक परीक्षा करील, उत्तरही खरे देईल, आणि तरीही ओ गटाच्या रोग्यास ए गटाचे रक्त जाऊन तो प्राणास मुकेल. खोट्या चिठ्ठीची चूक मोठ्यात मोठ्या विद्वत्तेनेही भरून निघत नाही. म्हणून नळीवर नाव लिहिणारी परिचारिका व ती पेटी वाहून नेणारा शिपाई ह्यांचे काम डॉक्टरांच्या कामाहून हलके आहे, असे आम्हांस वाटत नाही.

विद्यार्थिमित्रहो, थोडक्यात विश्वासू राहिलेल्या चाकरावर त्याच्या धन्याने पुष्कळ सोपविले, हा प्रभूचा दृष्टांत तुम्ही ऐकलाच आहे. लँडस्टायनर ह्यांचे चरित्र तेच शिकविते. २००४ सालापासून त्यांचा जन्मदिवस, १४ जून, जगभर रक्तदाता दिन म्हणून पाळिला जातो. त्या दिवशी पालकांनी व वयात आलेल्या विद्यार्थ्यांनी रक्तदान अवश्य करावे. आणि लहानांनी आपल्या हाती आलेले काम, मग ते वहीतील एका ओळीचे का असेना, दुसऱ्याचा जीव त्यावर अवलंबून आहे अशा भावनेने करावे.