चार्ल्स डिकन्स

चार्ल्स जॉन हफम डिकन्स (७ फेब्रुवारी १८१२, पोर्टस्मथ – ९ जून १८७०, गॅड्स हिल, केंट) हे व्हिक्टोरियन काळातील इंग्लिश कादंबरीकार होते. स्वतःच्या साहित्याच्या जाहीर वाचनांसाठीही ते प्रसिद्ध होते.

वडिलांना कर्जापायी तुरुंगवास झाल्याने वयाच्या बाराव्या वर्षी डिकन्स यांना बुटांच्या पॉलिशच्या कारखान्यात काम करावे लागले. पुढे लघुलेखन शिकून ते संसदेचे वार्ताहर झाले. ‘द पिकविक पेपर्स’ (१८३६–३७) या कादंबरीने त्यांना लोकप्रियता मिळाली.

जाहीर वाचने

डिसेंबर १८५३ मध्ये बर्मिंगहॅम येथील एका शिक्षणसंस्थेच्या मदतीसाठी त्यांनी ‘अ ख्रिसमस कॅरल’ वाचले. त्यांच्याच आग्रहामुळे एक वाचन कामगारांसाठी अल्प दरात ठेवले गेले. १८५८ पासून ते स्वतःच्या मिळकतीसाठी वाचने करू लागले. ते पुस्तक जसेच्या तसे वाचत नसत. काटछाट करून आणि समासात सूचना लिहून ते वाचनाची वेगळी प्रत सिद्ध करीत व प्रत्येक पात्राला निराळा आवाज देत. ‘कॅरल’ आणि ‘पिकविक’मधील न्यायालयातील खटला हे त्यांचे हुकमी भाग होते. ‘ब्लीक हाउस’सारखी गुंतागुंतीची कादंबरी मंचावर आली नाही, ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ची प्रत तयार होऊनही तिचे वाचन झाले नाही. १८६७–६८ च्या अमेरिका दौऱ्यात सत्तरहून अधिक वाचने झाली. त्यातून मोठी कमाई झाली, पण प्रकृती ढासळली.

तरीही ५ जानेवारी १८६९ रोजी त्यांनी ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मधील नॅन्सीच्या खुनाचा प्रसंग लंडनमध्ये जाहीरपणे वाचला. हा भाग निवडू नये, असे त्यांचे मित्र व चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांचे मत होते. थोरल्या मुलानेही विरोध केला होता. श्रोत्यांवर होणाऱ्या परिणामापुढे डिकन्स यांनी कोणाचेच ऐकले नाही. या वाचनानंतर ते गलितगात्र होत. एप्रिल १८६९ मध्ये डॉक्टरांनी दौरा थांबवला. १८७० च्या आरंभी लंडनमध्ये निरोपाच्या वाचनांना परवानगी मिळाली, तेव्हा डॉक्टर सभागृहात हजर राहून त्यांची नाडी मोजत. त्या मालिकेतही नॅन्सीचा प्रसंग त्यांनी वगळला नाही.

१५ मार्च १८७० च्या अखेरच्या वाचनासाठी मात्र त्यांनी ‘कॅरल’ आणि ‘पिकविक’मधील खटलाच निवडला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ‘द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड’ ही कादंबरी अपुरी असताना, त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबी येथे त्यांचे दफन करण्यात आले.