वर्खाखालचे लाकूड

इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात ऑटली नावाचे एक बाजारगाव आहे. तेथील जॉन चिपेनडेल या सुताराच्या एकुलत्या एका मुलाचा बाप्तिस्मा ५ जून १७१८ रोजी झाला. फर्निचरच्या शैली राजा-राणींच्या नावाने ओळखण्याची त्या देशाची रीत. पण या सुतारपुत्राचे, थॉमस चिपेनडेलचे आडनाव मात्र पुढे एका संपूर्ण शैलीला चिकटले आणि आजतागायत सुटलेले नाही. नाव ज्या वेगाने वाढले, त्या वेगाने गल्ला भरला नाही, हा या चरित्रातला सल आहे.

१७४८ मध्ये त्याने लंडनला कॅथरीन रेडशॉ हिच्याशी विवाह केला. या दांपत्याला नऊ अपत्ये झाली. त्या काळी लंडनच्या सेंट मार्टिन्स लेन या रस्त्यावर चित्रकार, खोदकाम करणारे कारागीर आणि लाकडावर कोरीवकाम करणारे यांची दाट वस्ती होती. विल्यम होगार्थची चित्रशाळा तेथेच, कलावंतांच्या गप्पांचे स्लॉटर्स कॉफीगृहही तेथेच. फ्रान्समधून आलेली रोकोको ही नवी चाल या रस्त्यानेच इंग्रजी लाकडात उतरवली.

रोकोकोचे पहिले खेळ दिसले ते आरशांच्या व चित्रांच्या चौकटींवर. खुर्चीला माणसाचे वजन पेलावे लागते; चौकटीला केवळ काच किंवा चित्र धरायचे असते. त्यामुळे कारागिराच्या कल्पनेला तेथे मोकळे रान मिळाले. डावीकडची वेल उजवीकडे तशीच उतरली पाहिजे हा जुना दंडक मोडला. शिंपले, गळते पाणी, वाकडेतिकडे खडक, लांब चोचीचे चिनी पक्षी आणि या साऱ्यांना जोडणारी वळणदार पाने. मथायस लॉक या कोरीवकाम करणाऱ्याने १७४४ मध्येच अशा नमुन्यांची छोटी पुस्तिका काढली होती. थॉमस जॉन्सन या दुसऱ्या कारागिराने तर इसापनीतीतले प्राणीसुद्धा चौकटींवर आणून बसवले. पाइन किंवा लिंडेनसारख्या मऊ लाकडात नक्षी कोरायची, त्यावर खडू आणि सरसाचे थरांवर थर द्यायचे, ते वाळले की बारीक हत्याराने पुन्हा रेषा काढायच्या आणि मग सोन्याचा वर्ख चढवायचा, असे हे किचकट काम. खुर्च्या-टेबलांसाठी महोगनी वापरत. जमैकासारख्या बेटांवर गुलामांकडून तोडवून घेतलेले ते लाकूड १७२१ मध्ये आयातकर उठल्यावर इंग्लंडात मुबलक येऊ लागले होते.

१७५४ मध्ये चिपेनडेलने आपला ‘द जंटलमन अँड कॅबिनेट-मेकर्स डिरेक्टर’ हा भव्य नमुनाग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात १६० चित्रपाने होती. त्यांतील बहुतेकांचे तांब्यावरील खोदकाम मथायस डार्लीने केले होते. चौकटी, पलंग, खुर्च्या, पुस्तकांची कपाटे, घरातली जवळजवळ प्रत्येक वस्तू त्यात होती. आगाऊ वर्गणी भरणाऱ्या तीनशेहून अधिक लोकांत सरदार-उमराव होते तसेच साधे सुतारही होते. याच सुमारास जेम्स रॅनी या स्कॉटिश भागीदाराच्या भांडवलावर सेंट मार्टिन्स लेनमध्ये प्रशस्त कारखाना उभा राहिला. वर्षभरातच, एप्रिल १७५५ मध्ये, तेथे आग लागली आणि बावीस कामगारांच्या हत्यारांच्या पेट्या भस्मसात झाल्या. तरी ग्रंथ थांबला नाही. त्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, १७६२ मध्ये वाढवलेली तिसरी.

या ग्रंथाने चिपेनडेलची जाहिरात केली आणि त्याचे घाट जगाला वाटूनही टाकले. डब्लिनपासून फिलाडेल्फियापर्यंत सुतार ते उतरवू लागले. तो स्वतः वस्तूवर नाव घालत नसे. त्यामुळे एखादी खुर्ची खरोखर त्याच्या कारखान्यातली आहे की नाही, हे जुन्या बिलांवरूनच ठरवावे लागते. रोकोको शैलीतले त्याचे निःसंशय काम त्यामानाने मोजके. १७५९ पासून स्कॉटलंडच्या डम्फ्रीस हाउसला पाठवलेले सामान हे त्याचे ठळक उदाहरण. पुढे रॉबर्ट अॅडमने आणलेल्या प्राचीन रोमन वळणाच्या शैलीकडे तोही वळला. बार्बाडोसच्या साखरेवर आणि गुलामांच्या श्रमांवर धनाढ्य झालेल्या लॅसेल्स घराण्याच्या हेअरवुड हाउससाठी त्याने १७७३ मध्ये ८६ पौंडांचे एक जडावकामाचे कपाट केले. कसबात ते त्याच्या साऱ्या रोकोकोहून सरस आहे. त्याचे नाव मात्र मागे टाकलेल्या शैलीशीच जोडलेले राहिले.

व्यवहार सारा उधारीचा. लाकूड, वर्ख, काच आणि मजुरी यांना रोख पैसा लागे. उमराव बिले वर्षानुवर्षे तुंबवीत. नॉस्टेल प्रायरीचे सर रोलंड विन यांच्याशी झालेला पत्रव्यवहार वाचवत नाही. एकीकडे काम उशिरा होते म्हणून मालकाचा संताप, दुसरीकडे पैशांसाठी कारागिराची अजीजी. उशीर खरोखरच होत असे, हेही खरे. आरशांपासून स्वयंपाकघरातल्या मांस कापायच्या ओंडक्यापर्यंत सारे त्या घराला चिपेनडेलनेच पुरवले होते. १७६६ मध्ये रॅनी वारला, त्याचे भांडवल काढून घेतले गेले आणि कारखान्यातला माल लिलावात विकावा लागला. १७६९ मध्ये फ्रान्सहून आणलेल्या अर्धवट खुर्च्यांची किंमत कमी दाखवल्यावरून जकातवाल्यांनी माल जप्त केला. प्रख्यात नट डेव्हिड गॅरिक यांच्या पलंगासाठी कोलकात्याच्या व्यापाऱ्यांनी भेट पाठवलेले कोरोमंडल किनाऱ्यावरचे रंगीत चीटही असेच जप्त झाले, कारण इंग्रज विणकरांच्या रक्षणासाठी हिंदुस्थानी चिटावर बंदी होती. तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

कॅथरीन १७७२ मध्ये गेली. १७७७ मध्ये एलिझाबेथ डेव्हिस हिच्याशी त्याने दुसरा विवाह केला; कारभार तोवर थोरल्या मुलाच्या, धाकट्या थॉमसच्या, हाती जाऊ लागला होता. नोव्हेंबर १७७९ मध्ये क्षयाने चिपेनडेलचे निधन झाले. मागे राहिलेल्या चीजवस्तूंची किंमत झाली २८ पौंड आणि काही शिलिंग. हेअरवुडच्या एका कपाटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. मुलगाही हातचा कसबी होता, पण १८०४ मध्ये त्याचे दिवाळे निघाले.

डम्फ्रीस हाउसमधले सामान २००७ मध्ये लिलावासाठी लंडनला निघाले होते. तत्कालीन राजपुत्र चार्ल्स यांच्या पुढाकाराने ते घर सामानासह साडेचार कोटी पौंडांना विकत घेतले गेले आणि लॉऱ्या वाटेतूनच परत फिरवण्यात आल्या.